आपण म्हणजे कोण

“‘आपण उठायचं, तुम्ही झोपा’ म्हणे. म्हणजे उठणार कोण?” सोनम पुढच्या सीटवरून पुटपुटली. “निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि त्यात हे आपण आपण.”

“अगं, आदरानं बोलतात त्या,” अभिमन्यू गाडी मागे घेत म्हणाला. “जुनी माणसं आहेत. आपल्याला ‘आपण’ म्हणतात.”

मी मागच्या सीटवर फोन कानाला लावून बसले होते. फोनवर कोणी नव्हतं. घर दाखवून झालं की परतीच्या गाडीत मी नेहमी असा फोन लावते. नवरा-बायको पहिल्या सिग्नलपर्यंत खरं काय ते बोलून टाकतात, आणि ते कानावर पडलं की माझ्या पुढच्या दहा चकरा वाचतात. हे मला कुणी शिकवलं नाही. या धंद्यातलं काहीच मला कुणी शिकवलेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी गेटावरच्या ‘टु-लेट’च्या पाट्या वाचत वाचत मी इंग्रजी शिकले, आणि वॉचमनशी बोलत बोलत बाकीचं.

“ताई,” सोनम मागे वळली, तसा मी फोन खाली घेतला. “पाण्याचं नक्की काय म्हणत होत्या त्या आजी?”

“बुधवारी आणि शनिवारी सकाळी सहाला कावेरीचं पाणी येतं. तेव्हा उठून व्हॉल्व्ह सोडायचा, म्हणजे अंगणाखालची टाकी भरते.”

“ते कळलं हो. पण सोडायचा कोणी?”

“ज्यानं त्यानं,” मी म्हटलं. “बोलायची पद्धत आहे ती त्यांची.”

अभिमन्यूनं बायकोकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघ, सांगत नव्हतो. सोनम पुन्हा पुढे वळली आणि मागच्या खोलीत तिचं ऑफिसचं टेबल कसं बसेल त्यावर बोलायला लागली.

त्या आजी, म्हणजे घरमालकीण पद्मक्का, काय म्हणाल्या ते मला चांगलं कळलं होतं.

कन्नडात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींना एकच शब्द आहे, ‘नावु’. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरांत हे दोन शब्द एकमेकांत मिसळून गेलेत. पद्मक्कांच्या घरात तर ‘आम्ही’ शिल्लकच राहिला नाही. घरातले सगळे म्हणायचे असले तरी आपण, आणि वय झाल्यापासून मी म्हणायचं असलं तरी आपणच. आपण सकाळी काफी घेतली. आपले गुडघे धरलेत. पुण्याहून आलेल्या पोरांना ‘आपण’ म्हणजे एक तर सगळे मिळून, नाही तर आदरानं तुम्ही. मी सीमेवरच्या चिकोडीकडची. मला दोन्हींकडचं कळतं. म्हणून तर दोन्हींकडचे मलाच बोलावतात.

पद्मक्का म्हणत होत्या, घर तुमच्या नावावर झालं तरी पाण्याला मी उठत जाईन, तुम्ही नोकरीवाली पोरं आहात, तुम्ही झोपा.

म्हणजे घर विकून झाल्यावरही त्या तिथंच राहणार होत्या. मागच्या खोलीत.

हे मी त्या दोघांना गाडीत सांगू शकले असते. सिल्क बोर्डच्या सिग्नलला आम्ही पंचवीस मिनिटं उभे होतो. वेळ भरपूर होता.

*

हे काम माझ्याकडे आलं ते पद्मक्कांच्या मुलाकडून, प्राणेशकडून. व्हाइटफील्डला कंपनीत आहे, तिथंच चौदाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. वडील जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून आई जयनगरच्या टोकाला त्या छोट्या घरात एकटी. घर आईच्या नावावर. त्यानं मला पहिल्याच फोनवर सांगितलं, “अक्का, बाहेरचं कुणी आणू नका. अम्मा नाही म्हणेल. आपल्यातलंच बघा कुणी, मराठी.”

आणि अभिमन्यू-सोनम मला सापडले ते महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात. वीस मिनिटांत सोनम म्हणाली, “बरं झालं बाई तुम्ही भेटलात. इथले ब्रोकर काय बोलतात काही कळत नाही. तुम्ही आपल्याच.”

दोन्हींकडून ‘आपल्याच’. दोन्हींकडून दलाली ठरली, आणि दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्याचीही मीच. त्यात लपवाछपवी नव्हती. इथं रीतच आहे तशी. फक्त त्या ‘आपल्याच’चा अर्थ प्रत्येकानं आपापला घेतला.

एजंटांची नोंदणी सक्तीची झाली तेव्हा आम्हा लोकांसाठी कुणीतरी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. एका सरांनी फळ्यावर दोन गोल काढले, मध्ये एक माणूस. म्हणाले, दोन्ही पार्टींचं काम घेतलंत तर एका पार्टीच्या निर्णयावर परिणाम करणारी गोष्ट तिच्यापासून लपवायची नाही, मग ती दुसऱ्या पार्टीकडून कळलेली का असेना. जमत नसेल तर एक पार्टी सोडायची. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माझ्या शेजारची यलहंकाची बाई म्हणाली, “मग धंदा कधी करायचा सर?” सर हसले. आम्हीही हसलो. मग चहा आला.

ती वही आहे अजून कुठेतरी.

*

दुसऱ्यांदा घर बघायला गेलो तेव्हा पद्मक्कांनी सोनमचा ताबाच घेतला. सोनम त्यांना आजी म्हणाली.

“आजी कुणाला म्हणतीस? अक्का म्हण. आजी म्हटलं की लोक खुर्ची देतात आणि बोलायचं थांबवतात.”

“बरं अक्का.”

“आणि स्वल्प हळू बोल. तुझं मराठी टीव्हीतल्यासारखं आहे. मध्येच जाहिरात येईल असं वाटतं.”

सोनम खळखळून हसली. तिला त्या आवडल्या होत्या, हे खरं. पद्मक्कांनी तिला गॅसची शेगडी कुठं ठेवली की वारा लागत नाही ते दाखवलं. हॉलमधली लाल फरशी फडक्याला खोबरेल लावून पुसायची, फिनाइल वापरायचं नाही, ते सांगितलं. मागच्या खोलीत नेलं. छोटी खोली, एक लोखंडी कॉट, एक कपाट, खिडकीबाहेर शेजारच्यांचं शेवग्याचं झाड.

“इथं सकाळी ऊन येतं. आपल्याला ही पुरे,” पद्मक्का म्हणाल्या.

“छान आहे,” सोनम म्हणाली. “मला पण हीच आवडली सगळ्यात.”

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी दारात उभी राहून वीजमीटरचा नंबर लिहून घेत होते.

त्याच आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर काम करणाऱ्या बिल्डरचा निरोप आला. तो बराच जास्त भाव द्यायला तयार होता. मी ते पद्मक्कांना सांगितलं. ते सांगायला मी चुकले नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. त्यांनी कढीपत्ता निवडता निवडता ऐकून घेतलं.

“तो पाडणार, हो ना?”

“हो. पाडून चार मजले करणार.”

“मग आपण कुठं? लिफ्टमध्ये?” त्यांनी काड्या एका बाजूला केल्या. “ही पोरं पाडणार नाहीत. दिवसभर दोघं ऑफिसात. घरात एक माणूस असलेलं त्यांनाही बरंच की. पैसे स्वल्प कमी आले तर आले. पैसे घेऊन आपण काय झोपाळ्यावर बसून मोजणार काय?”

“तुम्ही खोलीचं बोललात का त्यांच्याशी?” मी विचारलं.

“आपण बोललं तर बरं दिसतं काय? विकत घेणाऱ्याला अटी घातल्यासारखं. तू बोल. तू मधली आहेस.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बोलशील ना ग?”

“बोलते.”

“सरी, बरं,” त्या म्हणाल्या आणि कढीपत्ता धुवायला उठल्या.

त्या संध्याकाळी मी घरी जाताना बसमध्ये बसले, आणि आपल्याला काही वाटायला हवं होतं असं मला वाटलं. मी वाट पाहिली. तीन-चार स्टॉप गेले. काही आलं नाही. भूक लागली होती, तेवढं कळलं. घरं दाखवता दाखवता माझ्या आतलं कायतरी असं झालंय, जास्त धुतलेल्या कापडासारखं. रंग आहे म्हणावा तर आहे. पूर्वी घर रिकामं करणाऱ्या बायका उंबऱ्याला हात लावायच्या तेव्हा मी तोंड फिरवायची. आता मी किल्ल्या मोजते.

करार झाला पद्मक्कांच्याच हॉलमध्ये. इंग्रजीतला करार प्राणेशनं आईला मराठीत वाचून दाखवला. ‘रिकामा ताबा’ हे शब्द तिसऱ्या पानावर होते. त्यानं वाचलं, “आणि मग घराचा ताबा द्यायचा.” रिकामा हा शब्द त्यानं पान उलटताना गाळला. पान उलटायची काही गरज नव्हती, ओळ मधोमध होती. मी त्याच्या शेजारी बसले होते. माझ्यापुढे तेच पान उघडं होतं.

“देऊ की,” पद्मक्का म्हणाल्या आणि सही केली. सही मराठीत, वळणदार.

*

प्राणेशनं मला ऑफिसजवळ बोलावलं ते त्यानंतर चार दिवसांनी. व्हाइटफील्डच्या त्या काचेच्या इमारतींमध्ये खाली जेवायची जागा असते, शंभर टेबलं, प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र. त्यानं माझ्यासाठी काफी आणली, स्वतःसाठी डोसा. डोसा त्यानं तसाच ठेवला.

“अक्का, एक दाखवायचं होतं.” त्यानं फोन पुढे केला.

व्हिडिओ होता. बाग, बाकडी, पांढरे गणवेश घातलेल्या मुली, एक देऊळ, गरम पाण्याचे नळ. होसकोट्याच्या पुढं, हायवेपासून आत.

“सीनियर लिव्हिंग आहे. वॉर्ड नाही, स्वतःची खोली मिळते. डॉक्टर चोवीस तास. मी अ‍ॅडव्हान्स भरलाय.”

“पद्मक्कांना ठाऊक आहे?”

तो डोशाच्या कडेचा एक तुकडा मोडून बशीत ठेवत होता. मग दुसरा.

“मागच्या वर्षी आठ दिवस आणलं होतं तिला माझ्याकडे,” तो म्हणाला. “लिफ्टमध्ये बसायची नाही. चौदा मजले जिन्यानं कशी उतरणार, म्हणून आठ दिवस खालीच आली नाही. बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. आम्ही दोघं ऑफिसात. एकदा बाल्कनीचं दार आपोआप लागलं, अम्मा दोन तास बाहेर. हाक मारली तर खाली कुणाला ऐकू जाणार? मला सांगितलंसुद्धा नाही तिनं. शेजारच्यांनी सांगितलं.” त्यानं आणखी एक तुकडा मोडला. “तिकडं जयनगरला एकटी ठेवू? रात्री फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली शोधतो.”

“मी कुठं काय म्हटलं.”

“तिला वाटतंय मागच्या खोलीत राहायचं. मला ठाऊक आहे.”

“मग सांगा की त्यांना.”

“मी सांगितलं तर ती जेवायची नाही. रडायची नाही, भांडायची नाही, नुसती जेवायची नाही. तुम्ही ओळखत नाही तिला.” त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “अक्का, तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकते ती. तुम्ही आपल्याच आहात.”

मी म्हटलं, “नोडोणा.”

नोडोणा म्हणजे बघूया. बेंगळुरात नाही म्हणायचं नसलं की नोडोणा म्हणतात, आणि हो म्हणायचं नसलं तरी. त्याला ते हो वाटलं. मला ते काहीच वाटलं नाही. त्यानं डोसा संपवला नाही. काफी मात्र चांगली होती.

म्हणजे आता पद्मक्कांनी पोरांशी बोलायचं काम मला दिलं होतं, आणि प्राणेशनं पद्मक्कांशी बोलायचं काम मला दिलं होतं. राहता राहिली ती पोरं. त्यांनीही दिलंच.

“ताई, एक विचारू?” सोनमचा फोन आला. “आजींचं, म्हणजे अक्कांचं पुढचं काय ठरलंय? त्या मुलाकडे जाणार ना? मला थेट विचारायला कसंतरी होतं. बँकवाले रिकामं घर बघायला येणार आहेत. तुम्ही जरा हळूच विचाराल का?”

“विचारते.”

“त्यांना वाईट वाटेल असं नका विचारू हं.”

“नाही विचारत,” मी म्हटलं. आणि नाहीच विचारलं.

जून गेला, जुलै अर्धा गेला. त्या दिवसांत मी पद्मक्कांकडे पाच वेळा गेले. दर वेळी पिशवीत काहीतरी कागद असायचा, त्याच्यावर सही हवी असायची. सही झाली की मी म्हणायची, पद्मक्का, एक बोलायचं होतं. त्या म्हणायच्या, बस की, आणि आत जाऊन काहीतरी आणायच्या. एकदा खायला कोडबळे आणले, एकदा गवारीची भाजी बांधून दिली. एकदा विचारलं, “त्या खिडकीला डासांची जाळी त्यांनी बसवायची की आपणच बसवून घेऊ?” मी म्हटलं, “घाई नको.” त्या म्हणाल्या, “घाई नाही, डास आहेत.” त्यांनी जाळीवाल्याला बोलावून माप दिलंसुद्धा.

मी परत येताना हिशोब करायची, आपण नक्की कुणाचं काय बिघडवतोय. पद्मक्कांनी जास्तीचा भाव सोडला तो एका खोलीसाठी, जी त्यांना मिळणार नव्हती. पोरांना घर स्वस्तात पडत होतं ते अशा शब्दावर, जो त्यांना कळला नव्हता. मी एक वाक्य बोलले असते तर दोन्ही बाजू उठून गेल्या असत्या. किंवा नसत्याही. ते कळायला वाक्य बोलावं लागलं असतं.

मग पद्मक्कांनी घर आवरलं. एकट्यांनी, थोडं थोडं करून. हॉलमधला दिवाण विकला, वरच्या माळ्यावरची भांडी मठाला दिली, नवऱ्याची कायद्याची पुस्तकं कुणा पोराला. सोनमनं व्हिडिओ मागितला म्हणून मी काढून पाठवला. रिकामा हॉल, रिकामं स्वयंपाकघर, पुढची खोली रिकामी. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पद्मक्कांचं राहिलेलं सगळं नीट लावलं होतं. कॉट, कपाट, देवांची छोटी फळी, एक शेगडी, दोन पातेली. मी दार उघडलं नाही. व्हिडिओत फक्त लोटलेलं दार आलं.

“किती समजूतदार आहेत ना,” सोनमचा मेसेज आला. “न सांगता सगळं रिकामं केलं.”

मी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

*

नोंदणीची वेळ सकाळी साडेअकराची मिळाली होती. सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नंबरांचा पडदा, आत कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र. वकील आत-बाहेर करत होते. पद्मक्का जांभळी रेशमी साडी नेसून आल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत सगळ्यांसाठी चित्रान्नाचा डबा. प्राणेश त्यांच्या एका बाजूला बसला आणि लगेच उठून पाणी आणायला गेला. पाण्याची बाटली त्यांच्या पिशवीत होती.

“हे लोक फोटो काढतात तेव्हा हसू देत नाहीत,” पद्मक्का मला म्हणाल्या. “आपलं लग्नाचं रजिस्टर झालं तेव्हा हेच. ते हसले, तर क्लार्क म्हणाला, सर, हे लग्न आहे, स्वल्प गंभीर व्हा.”

सोनम हसत हसत त्यांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. अभिमन्यू तिच्यापुढे उभा. तिनं फोन काढला.

“अक्का, तुम्हाला दाखवायचंच राहिलं. आम्ही ड्रॉइंग करून घेतलंय घराचं. तुमच्या फरशीला हात लावणार नाही, शप्पथ. बघा.”

पद्मक्कांनी चष्मा लावला. बोट स्क्रीनला लागलं तसं चित्र मोठं झालं. त्यांनी बोट मागे घेतलं, मग पुन्हा लावलं. हॉल बघितला. स्वयंपाकघर बघितलं, म्हणाल्या, शेगडी सांगितली तिथंच ठेवलीस, शहाणी आहेस. मग चित्र सरकलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी लांब टेबल, त्याच्यावर दोन स्क्रीन, आणि उरलेल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत पुस्तकांची शेल्फं.

त्या बराच वेळ बघत होत्या. पडद्यावर आमच्या आधीचा नंबर लागला होता.

“ऊन बरोबर दाखवलंय,” त्या म्हणाल्या. “यात आपली कॉट कुठं?”

“आमची बेडरूम पुढची आहे ना अक्का.”

“तुमची नाही ग. आपली.”

सोनम हसायला लागली आणि मध्येच थांबली. तिनं फोनकडे बघितलं, मग पद्मक्कांकडे. मला तिच्या चेहऱ्यावर तो शब्द फिरताना दिसला. पाण्याला उठायचं, ऊन येणारी खोली पुरे, दार लोटलेला व्हिडिओ. ती हुशार मुलगी आहे, तिला फार वेळ लागला नाही. तिनं अभिमन्यूकडे मान वर केली. त्याला काही कळलं नव्हतं.

“ताई,” ती माझ्याकडे वळली, आवाज अगदी खाली आणून. “अक्का काय म्हणतायत?”

“काय म्हणतायत?” अभिमन्यूनंही विचारलं. मराठीतून मराठीत सांगायला दुभाष्या लागला, अशी ही पहिलीच वेळ असेल त्या ऑफिसात.

प्राणेश पाण्याची दुसरी बाटली घेऊन आला होता. तो थोडा लांबच उभा राहिला. “अम्मा, ते सगळं नंतर बघू ना. नंबर येईल आत्ता.” आणि मग माझ्याकडे बघितलं. तेच बघणं, तुम्ही आपल्याच आहात.

पडद्यावर आमचा नंबर आला. यंत्रातून कन्नडात आणि इंग्रजीत पुकारा झाला. वकील दारातून हात हलवून बोलवायला लागले. कुणीच उठलं नाही. सोनमनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. पद्मक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पण परत लावला नाही.

“शिवलीला,” त्या म्हणाल्या. रागानं नाही. एखाद्या गोष्टीची खात्री करून घ्यावी तसं. “तू बोललीस ना ग यांच्याशी? खोलीचं?”

चौघं माझ्याकडे बघत होते. अजूनही मला जमलं असतं. तोंडात तयार होतं, आदरानं म्हणतात त्या, बोलायची पद्धत आहे ती. वकिलांनी पुन्हा हात हलवला. माझ्या अंगात तेव्हाही फार काही होत नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसले, म्हणजे त्यांना मान वर करायला लागू नये.

“नाही बोलले, पद्मक्का. यांना आत्तापर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. सही झाल्यावर मागची खोली तुमची राहणार नाही, कागदात ती कुठेच नाही. प्राणेशनं तुमच्यासाठी होसकोट्याच्या पुढं वृद्धाश्रमात जागा घेतलीय. आणि मला हे दोन महिन्यांपासून ठाऊक आहे.”